काट्यापलीकडचं गाव

तानुबाई चालायला लागली की तिच्याबरोबर कोणी टिकत नसे. पिंप्राळ्याच्या बायका जळगावच्या बाजाराला निघाल्या की तानुबाई पुढं आणि बाकीच्या तिच्या धुळीत. उंच, हडकुळी बाई, आणि पायात नवऱ्याच्या, वनाच्या वहाणा. वना प्लेगात गेला तेव्हा मागं दोनच गोष्टी धड राहिल्या, एक लेक ताईबाई आणि दुसऱ्या या वहाणा, असं ती स्वतःच म्हणायची. बाईमाणसानं पुरुषाच्या वहाणा घालाव्यात का, यावर एकदा भावकी बसली होती. तानुबाईनं सगळं ऐकून घेतलं, उठली, वहाणा पायात घातल्या आणि निघून गेली. पुन्हा तो विषय कोणी काढला नाही.

एकोणीसशे अठराचं साल होतं. मृगात थोडा शिंतोडा देऊन पाऊस जो गेला तो फिरकला नाही. ज्वारी कमरेएवढी होऊन जागच्या जागी वाळली. कपाशीची बोंडं सुपारीएवढीच राहिली. आणि नवरात्राच्या आसपास मानमोडी आली. आधी ताप, मग अंग मोडून यायचं, मान धरायची, छातीत घरघर लागायची, आणि कालपर्यंत औत हाकणारा गडी तिरडीवर. प्लेग आधी उंदीर मारायचा, म्हणून माणसांना कळायचं. गाव उठून माळावर झोपड्यांत जायचं. ही काही सांगून येत नव्हती. म्हातारी माणसं वाचत होती आणि तरणीताठी जात होती. त्यातही पोटुशा बाया. हे शेवटचं तानुबाईसमोर कोणी बोलत नसे, कारण ताईबाईला आठवा महिना लागला होता.

ताईबाई दिली होती एरंडोलच्या पलीकडं, पद्मालयाच्या डोंगराकडं तोंड करून बसलेल्या वडखेड्याला. जावई हिलाल, व्याही जीवराम. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. दसरा झाला की हिलाल तिला बैलगाडीनं आणून सोडील असं ठरलेलं होतं. दसरा गेला, कोजागिरी गेली. गाडी आली नाही आणि निरोपही आला नाही. रोज संध्याकाळी तानुबाई वेशीपाशी जाऊन उभी राहायची. गाडी दिसायची नाही, तिरडी दिसायची.

एक दिवस तिनं दशम्या बांधल्या. वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी भरलं. सुंठ, डिंक, आणि बाळासाठी जुन्या लुगड्याचं मऊ धडपं गाठोड्यात घातलं. शेजारची भागाबाई दारात येऊन उभी राहिली.

"पायी कशाले जाते व? आगगाडी आहे ना. एरंडोल रोडले उतर अन् तिठून जाय."

"गाडीनंच तर आनली ही मरी," तानुबाई म्हणाली. "परवा ठेसनावर डब्यातून काय काय उतरवलं, ते पाह्यलं नाही का तू?"

 भागाबाईच्या घरात आत कोणीतरी खोकत होतं. तानुबाईनं ते ऐकलं, भागाबाईनं ती ऐकतेय हे पाहिलं, आणि दोघींनी एकमेकींकडं पाहणं टाळलं.

फटफटताना ती निघाली. बांभोरीच्या उतारावर आली तोवर ऊन तापायला लागलं होतं. आश्विनातलं ऊन लबाड. सकाळी गोड बोलतं आणि दुपारी सोलून काढतं. गिरणेला या दिवसांत माणूस बुडेल एवढं पाणी असायचं. त्या दिवशी घोटे भिजले. पात्रात जिकडं पाहावं तिकडं धूर होता. चिता होत्या, पण एकाही चितेजवळ माणूस नव्हतं. पेटवून लोक घरी पळाले होते, कारण घरी दुसरं कोणीतरी निजलेलं होतं. काही विझल्या होत्या, अर्ध्यावरच. तिकडं तानुबाईनं पाहिलं नाही. पदर नाकाला लावून ती वाळू तुडवत राहिली. वाळू आत्ताच पोळत होती.

पलीकडच्या काठावरून एक म्हातारा उतरत होता. डोक्यावर घराचं दार होतं, कडी-कोयंड्यासकट. दाराच्या ओझ्यानं त्याची मान खाली गेली होती.

"बाबा, दार कुठी नेता?"

"चितेले लाकडं सरी गयात माय," म्हातारा थांबला नाही. "पोऱ्या पडेल शे तठे, वाळूमा."

"अन् घराले दार?"

"घरमा आते काय शे?"

तो धुरात उतरून गेला. कडी दारावर आपटत होती, तो आवाज तानुबाईला काठ चढून जाईपर्यंत ऐकू येत राहिला.

पाळधीत ती पोचली तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. एवढं मोठं गाव, पण भर रस्त्यात एक गाय उभी होती आणि तिची कास फुटायला आली होती. दूध काढायला दोन दिवसांत कोणी आलेलं दिसत नव्हतं. गाय हंबरत होती आणि तिच्या हंबरण्याला कुठल्याच घरातून आवाज येत नव्हता. तुंबा संपत आला होता म्हणून तानुबाईनं एका दाराची कडी वाजवली.

"रांजण बाहेर आहे," आतून बाईचा आवाज आला. "भरून घे. दार लोटू नको."

"आत कोन कोन आहे, बाई?"

 मग आवाज म्हणाला, "मी आहे."

तानुबाईनं तुंबा भरला, पाणी प्याली, तोंडावर हबका मारला. मग तिला राहवलं नाही. ती परत गेली आणि गाईच्या कासेखाली बसली. भांडं नव्हतं. दूध तसंच धुळीत पिळून टाकलं, गाय शांत होईपर्यंत. पांढरी धार मातीत जिरत गेली. अन्न मातीत घालायची वेळ तिच्यावर प्लेगातही आली नव्हती.

पाळधी मागं पडली आणि रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना वाळलेली ज्वारी, वाऱ्यानं एकमेकींवर घासणारी. कडेला निंब होते, पण सावली झाडाच्या बुडाशीच गोळा झालेली. बैलगाडी नाही, गुराखी नाही. पाखरंही गप्प होती. अशा शांततेत चालणाऱ्या माणसाला स्वतःच्या वहाणांचा आवाज मोठा वाटतो. तानुबाईला तिच्या वहाणांचा आवाज येत होता, आणि थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की त्यात दुसऱ्याही पावलांचा आवाज मिसळला आहे.

तिनं मागं पाहिलं. एक माणूस येत होता. डोक्याला फडकं, अंगात बंडी, हात लोंबते. ती पाय उचलून चालू लागली. पिंप्राळ्यात तिला कोणी गाठू शकत नव्हतं. पण हा माणूस काही मागं पडेना. ती जोरात चालली की तोही जोरात, मध्येच अडखळून पुन्हा धावल्यासारखा. तिनं गाठोडं छातीशी धरलं. वाटेतला एक दगड उचलावा असं तिच्या मनात आलं.

"अक्का," मागून हाक आली. "थांब ना व."

ती थांबली नाही.

"अक्का, मी चोर नही शे."

त्या आवाजातली घरघर तिनं ओळखली. गेले कित्येक दिवस तीच घरघर ती गल्लीगल्लीत ऐकत होती. ती थांबली, पण दूर उभी राहिली.

"काय पाह्यजे तुले?"

"काईच नही." तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. तिशीचा असेल, डोळे तांबारलेले, ओठ काळेनिळे. "मी पुना. पारोळाकडला शे. जळगावना कापूसना जिनमा काम करस. जिन बंद व्हयना, म्हनीसन घर चालनू. एकटाले भ्याव वाटस. रस्तामा पडनू तं कुत्रा खातीन. नुस्तं तुन्हा मांगे चालू दे."

तानुबाईनं पुढं पाहिलं, एरंडोलकडं. मग म्हणाली, "चाल. पन लांबून चाल."

ते तसे चालले. ती पुढं, तो मागं. पुना मध्येच काही बोलायचा. त्याच्या बायकोनं दसऱ्याला यायला सांगितलं होतं, तेव्हाच निघायला हवं होतं, असं काहीतरी. बोलणं तुटत गेलं. मग पावलांचा आवाज थांबला. तानुबाई थोडी पुढं जाऊन थांबली आणि आपण का थांबलो हे कळायच्या आत तिनं मान वळवली. पुना एका निंबाखाली बसला होता आणि त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

सूर्य कलायला लागला होता आणि वडखेडं अजून लांब होतं. पोटुशी लेक तिथं होती, जिवंत होती की नव्हती तेही माहीत नव्हतं. तानुबाई रस्त्यात उभी राहून त्या माणसाकडं पाहत राहिली. वना गेला तेव्हा प्लेगाच्या भीतीनं घरातल्यांनी तिला झोपडीत जाऊ दिलं नव्हतं. तिनं बाहेरून त्याचं कण्हणं ऐकलं होतं, आणि मग ते थांबल्याचंही ऐकलं होतं.

ती निंबाखाली गेली, खाली बसली आणि पुनाचं डोकं मांडीवर घेतलं.

अंग तव्यासारखं तापलं होतं. तिनं पदरानं त्याचं नाक पुसलं, तुंब्यातलं पाणी थोडं थोडं पाजलं. अर्धं बाहेर यायचं, तांबूस होऊन. एकदा त्यानं डोळे उघडले.

"तोंड झाकी देजो, अक्का. माश्या बठतस."

"झाकीन."

रस्त्यानं एक बैलगाडी येताना दिसली तेव्हा तानुबाईनं हात वर करून हाक दिली. गाडीवाल्यानं दुरूनच पाहिलं, बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या आणि गाडी रस्ता सोडून वावरातून उडवत नेली. मोडलेल्या ज्वारीचा कडकडाट बराच वेळ येत राहिला. तो विरला तेव्हा तिच्या मांडीवरची घरघरही थांबलेली होती.

गाठोड्यात झाकायला दुसरं काही नव्हतं. बाळासाठी आणलेलं मऊ धडपं तिनं काढलं आणि त्याच्या तोंडावर पसरलं. बाभळीच्या वाळल्या फांद्या ओढून आणल्या, कुत्र्या-कोल्ह्यांनी शिवू नये म्हणून अंगावर रचल्या. हात रक्ताळले; ते काट्यानं की त्याच्या रक्तानं, हे तिला कळलं नाही. शेवटचं पाणी हातांवर ओतून ती उठली, आणि मग मागं न पाहता चालत सुटली.

एरंडोलबाहेरच्या विहिरीवर दोन बाया होत्या. तिच्या पदरावरचे डाग पाहून त्या मागं सरल्या. एकीनं लांबूनच कळशी उंच धरून तिच्या ओंजळीत धार सोडली आणि ती पिऊन बाजूला झाल्यावर ओट्यावर राख टाकली. तानुबाईला त्याचा राग आला नाही. गावात न शिरता ती बाहेरून निघाली. सावली लांब होत होती. तिच्या मनात आता एकच चित्र येत होतं आणि ते ती झटकत होती. वडखेड्याची नदी, धूर, आणि डोक्यावर दार घेतलेला हिलाल.

वडखेडं दिसलं तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता. गावावर धूर होता. तिचे पाय जागीच थबकले. मग तिला वास आला आणि कळलं की तो चुलींचा धूर आहे. घराघरांतून निघणारा, साधा, संध्याकाळचा धूर. दिवसभरात तिला पहिल्यांदाच चुलीचा धूर दिसत होता. ती जवळजवळ पळतच गेली.

वेशीच्या अलीकडं रस्ता बंद होता. बाभळीच्या काट्यांची माणूसभर उंच रास आडवी टाकलेली, आणि पलीकडं काठ्या घेऊन माणसं बसलेली. त्यातला एक उठला. त्याचं नाव झुलाल.

"तठेच उभी राह्य! कोन शे तू?"

"पिंप्राळ्याची तानुबाई. ताईबाईची माय."

एकच कुजबुज झाली. कोणीतरी गावात पळालं. झुलालनं काठी खाली केली पण बाजूला झाला नाही. त्यानंच सांगितलं, की दसऱ्याच्या आदल्या दिवशी गावानं वाट बंद केली. कोणी बाहेर जायचं नाही, कोणी आत यायचं नाही. म्हणून गाडी आली नव्हती. "बठ्ठा गाव चांगला शे, मावशी. एक खोकला नही गावमा."

जीवराम आला, मागोमाग हिलाल. जीवराम साठीचा, सरळ माणूस. त्यानं काट्यापलीकडून हात जोडले.

"विहीनबाई, पायी उन्यात?"  मग तो झुलालकडं वळला. "काटा सरकाव. मन्ही विहीन शे. सोयरीकना मानूस मी शिवारमा उभा ठेवू का?"

"आबा, आधी इचारा तरी," झुलाल म्हणाला.

जीवरामला ते विचारणं जड गेलं. तो मान खाली घालून म्हणाला, "वाटमा कोनले शिवन्यात नही ना, विहीनबाई?"

तेवढ्यात ताईबाई आली. दोन्ही हात पोटाखाली धरून, गालांवर तजेला असलेली, धडधाकट. आईला पाहताच ती थांबली आणि हसली, आणि लगेच रडायला लागली.

एक 'नाही' म्हटलं असतं तर काटा सरकला असता. संधिप्रकाशात डाग कोणाला दिसत नव्हते. तानुबाईनं लेकीकडं पोटभर पाहून घेतलं.

"शिवली मी," ती म्हणाली. "माह्या मांडीवर मानूस मेला आज."

 हिलालनं बायकोचा हात धरला. ताईबाईनं तो झटकला आणि काट्याच्या कडेला, जिथून वाकून बाहेर पडता येण्याजोगी फट होती, तिकडं ती निघाली. "मले नाही काही होत! माय, मी येते."

"तिठीच थांब!"

"माय—"

तानुबाई खाली वाकली आणि तिनं दगड उचलला. हात वर गेला. कुत्र्याला हाकलावं तसा तिनं तो लेकीवर उगारला.

"एक पाऊल पुढं टाकलं तर घालीन डोक्यात. जाय घरात! जाय!"

ताईबाई जागीच गोठली. जन्मात आईनं तिला चापट मारली नव्हती. हिलाल तिला धरून मागं घेऊन गेला आणि ती मान वळवून पाहत राहिली, आईचं तोंड दिसेनासं होईपर्यंत. ती गेल्यावरही तानुबाईचा हात तसाच वर होता.

जीवरामच्या वावरात राखणीची एक खोपी होती. तिथं ती राहिली. हिलाल रोज बांधावर भाकरी आणि पाण्याचं मडकं ठेवून हाक देई आणि मागं सरून उभा राही. दोन-तीन दिवसांनी मडकं उचलायला ती बाहेर आली नाही. ताप चढला होता. त्या दिवसांतलं तिला पुढं फारसं आठवत नसे. ज्वारी घासल्याचा आवाज येई आणि तिला वाटे, मागून कोणीतरी चालत येतंय. एकदा शुद्धीवर आली तेव्हा जीवराम खोपीच्या दारात बसून तिच्या तोंडात पेज घालत होता. तिनं हात हलवून त्याला जा म्हणून सांगितलं. "व्हई ते व्हई," तो म्हणाला. गावात तो परत गेला नाही. बांधापलीकडं आंब्याखाली त्यानं आपली घोंगडी टाकली.

ती वाचली. केस सगळे गळून गेले, पण वाचली. जीवराम वाचला नाही. ती उठून बसायला लागली तेव्हा तो आंब्याखाली तापानं फणफणत होता, आणि तिच्यानं उभंही राहवत नव्हतं. ती रांगत त्याच्यापर्यंत गेली. दिवाळीच्या आत त्याला त्याच वावरात अग्नी दिला. गावात मानमोडी शिरली नाही. लोक म्हणाले, देवानं राखलं. झुलाल म्हणाला, आबांनी राखलं. तानुबाईसमोर कोणी काही बोललं नाही. तिनंही कोणाला विचारलं नाही.

ताईबाईला सासरीच मुलगी झाली. काटे उचलल्यावर ती बाळ घेऊन वावरात आली तेव्हा आई खोपीबाहेर बसली होती, डोक्यावर केस नसलेली, ओळखू न येणारी. ताईबाई काही अंतरावर थांबली. पुढं यावं की नाही, हे तिला कळेना. तानुबाईनं दोन्ही हात रिकामे करून समोर धरले. तेव्हा कुठं ती आली.

घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. विहीण आधीच वारली होती. लेकीचं बाळंतपण उरकेपर्यंत म्हणून तानुबाई थांबली ती तिथलीच झाली. पण लेकीच्या दारचं अन्न खायचं नाही म्हणून राहिली त्याच खोपीत, स्वतःची भाकरी स्वतः थापून, हिलालच्या वावरात राबून. नाती मोठ्या झाल्या, लग्न होऊन गेल्या. गाव तिला खोपीवाली माय म्हणू लागलं.

बेचाळीसनंतरच्या एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली. आजूबाजूच्या गावांतून माणसं पटापट जायला लागली तेव्हा वडखेड्याच्या पंचांनी पुन्हा वाट बंद करायचं ठरवलं. आता झुलालच गावचा म्हातारा होता. तो तिला सांगायला खोपीवर आला.

"काटे टाका," तानुबाई म्हणाली. "टाकायलाच पाह्यजे. पन माही खोपी काट्याच्या बाहेर ऱ्हाऊ द्या."

"माय, तुन्हं वय—"

"पानी उकळून ठेवायले वय नाही लागत."

ताईबाई रडली, उन्हाळ्याच्या माहेरी आलेल्या नाती रडल्या. काटे पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता पांढरा तळपत होता आणि वारा पडला होता. तानुबाई खोपीच्या सावलीत तीन दगडांवर हंडा चढवून बसली होती. एरंडोलच्या बाजूनं लांबवर एक ठिपका दिसला. तो मोठा होत गेला. माणूस होता, एकटाच, आणि सरळ चालत नव्हता. काट्यांमागच्या गड्यांनी काठ्या सावरल्या. तो मध्येच बसला, पुन्हा उठला. तानुबाईनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं, चुलीतलं लाकूड आत सारलं, आणि गुडघ्यांवर हात रेटून उभी राहिली.